एकपक्षप्रभुत्व आणि लोकशाही : महाराष्ट्रातील काँग्रेस व आफ्रिकेतील सत्ताधारी पक्ष

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
- प्रभावी पक्ष आणि वर्चस्ववादी पक्ष यांतील फरक स्पष्ट करता येईल.
- महाराष्ट्रात १९६० नंतर काँग्रेसचे प्रभुत्व कोणत्या आधारांवर उभे राहिले, याचे विवेचन करता येईल.
- आफ्रिकेतील काही सत्ताधारी पक्षांशी त्याची तुलना करता येईल.
- ‘बिनविरोध निवड’ या घटनेचे चिकित्सक वाचन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण द्विपक्षपद्धती आणि बहुपक्षपद्धती यांचा अभ्यास केला. मात्र या दोन्ही चौकटींत न बसणारी अनेक उदाहरणे जगात आढळतात. पक्ष अनेक असतात, निवडणुका ठरल्या वेळी होतात, तरीही सत्ता वर्षानुवर्षे एकाच पक्षाकडे राहते. अशा देशाला वा राज्याला लोकशाही म्हणावे, की लोकशाहीच्या वेषातील एकाधिकारशाही?

हा प्रश्न दूरदेशीचा वाटतो, पण तो आपल्या दाराशीही आहे. १९६२ ते १९७२ या काळातील तिन्ही विधानसभा निवडणुकांत काँग्रेसने महाराष्ट्रातील तीन चतुर्थांशाहून अधिक जागा जिंकल्या. १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिक लोकसभा मतदारसंघातून बिनविरोध निवडून आले. केवळ आकडे पाहिले तर हे चित्र आफ्रिकेतील एखाद्या हुकूमशाही राष्ट्राच्या निकालपत्रासारखे दिसेल. ते तसे होते का, याचा शोध या घटकात घ्यावयाचा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रभावी पक्ष आणि वर्चस्ववादी पक्ष

इटालियन राज्यशास्त्रज्ञ जिओव्हानी सार्तोरी यांनी १९७६ मध्ये पक्षपद्धतींचे जे वर्गीकरण मांडले, ते या ठिकाणी उपयुक्त ठरते. एकाच पक्षाकडे सत्ता असण्याचे त्यांनी तीन प्रकार सांगितले.

पहिला प्रकार एकमेव पक्षाचा. येथे दुसरा पक्ष काढण्यास कायद्यानेच बंदी असते. दुसरा प्रकार वर्चस्ववादी पक्षाचा. येथे अन्य पक्षांना अस्तित्व असते, परंतु त्यांचा दर्जा दुय्यम राहतो. सत्ताधारी पक्षाला हरवण्याची वाट प्रत्यक्षात बंद असते. तिसरा प्रकार प्रभावी पक्षाचा. येथे सर्व पक्ष समान कायद्याखाली स्पर्धा करतात, तरीही लागोपाठ किमान तीन निवडणुकांत एकच पक्ष निर्विवाद बहुमत मिळवतो. तो हरत नाही. पण हरू शकतो.

‘हरत नाही’ आणि ‘हरू शकत नाही’ या दोन विधानांतील अंतर हाच या घटकाचा गाभा आहे. एकाच निवडणुकीच्या निकालावरून हे अंतर कळत नाही. ते कळण्यासाठी निकालामागील व्यवस्था तपासावी लागते.

४.३.२ ‘काँग्रेस व्यवस्था’

स्वातंत्र्योत्तर भारतातील पक्षपद्धतीचे वर्णन करण्यासाठी रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये ‘काँग्रेस व्यवस्था’ ही संकल्पना मांडली. काँग्रेस हा सहमतीचा पक्ष असून इतर पक्ष हे दबावाचे पक्ष आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. विरोधी पक्षांना सत्ता मिळत नसे, परंतु ते काँग्रेसमधील गटांवर बाहेरून दबाव आणत. काँग्रेसमध्येही डावे, उजवे, शेतकरी, व्यापारी, निरनिराळ्या जातींचे व प्रदेशांचे गट होते. ज्या प्रश्नावर बाहेर असंतोष वाढे, तो प्रश्न पक्षांतर्गत एखादा गट उचलून धरी. याचा अर्थ असा की, खरी स्पर्धा बऱ्याच अंशी पक्षाच्या आतच चाले. उमेदवारी न मिळालेला कार्यकर्ता बंडखोरी करी आणि पुष्कळदा निवडूनही येई.

४.३.३ महाराष्ट्रातील प्रभुत्वाचे आधार

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबरदस्त धक्का दिला होता. नाशिक लोकसभा मतदारसंघात दादासाहेब गायकवाड विजयी झाले. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने उभे राहिलेले दादासाहेब हे त्या वेळी काँग्रेसविरोधी आघाडीचे प्रतिनिधी होते. मात्र १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन होताच समितीला एकत्र ठेवणारे उद्दिष्टच साध्य झाले आणि ती विस्कळीत झाली. पुढील वर्षांत काँग्रेसने आपले स्थान चार आधारांवर भक्कम केले.

*(अ) सहकार :* १९५० मध्ये प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंतर या चळवळीला राज्यभर गती मिळाली. शासनाचे भागभांडवल, शासनाची कर्जहमी आणि शेतकरी सभासदांची गुंतवणूक यांतून कारखाने, जिल्हा बँका व विकास सोसायट्या उभ्या राहिल्या.

*(आ) पंचायत राज्य :* १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. रस्ते, प्राथमिक शाळा, आरोग्य यांचा कारभार आणि निधी ग्रामीण नेतृत्वाच्या हाती आला. येथे तयार झालेला कार्यकर्ता पुढे आमदार होई.

*(इ) सामावून घेणे :* विरोधकाला चिरडण्याऐवजी आपल्यात घेणे, ही काँग्रेसची नीती होती. शंकरराव मोरे व केशवराव जेधे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला, पण पुढे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव मोहिते यांनीही हाच मार्ग स्वीकारला. पुढे रिपब्लिकन पक्षातील काही नेते याच वाटेने गेले.

*(ई) निवडणूकपद्धती :* ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीत विरोधकांची मते विभागली की मोठ्या पक्षाला मतांच्या प्रमाणाबाहेर जागा मिळतात. पुढील तक्ता पाहा.

| वर्ष | एकूण जागा | काँग्रेसच्या जागा | जागांचे प्रमाण (सुमारे) | मतांचे प्रमाण (सुमारे) |
|---|---|---|---|---|
| १९६२ | २६४ | २१५ | ८१ टक्के | ५१ टक्के |
| १९६७ | २७० | २०३ | ७५ टक्के | ४७ टक्के |
| १९७२ | २७० | २२२ | ८२ टक्के | ५६ टक्के |
| १९८५ | २८८ | १६१ | ५६ टक्के | ४३ टक्के |
| १९९० | २८८ | १४१ | ४९ टक्के | ३८ टक्के |
| १९९५ | २८८ | ८० | २८ टक्के | ३१ टक्के |

१९६७ ची ओळ विशेष लक्षपूर्वक वाचावी. त्या वर्षी निम्म्याहून अधिक मतदारांनी काँग्रेसला मत दिले नव्हते, तरीही पक्षाला तीन चतुर्थांश जागा मिळाल्या. म्हणजे विधानसभेत दिसणारे प्रभुत्व समाजातील प्रभुत्वापेक्षा बरेच मोठे होते.

४.३.४ गोदाकाठावरून पाहताना

हे चारही आधार एकत्र कसे काम करीत, हे एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. निफाड तालुक्यातील सायखेडा परिसरात, गोदाकाठी, एका शेतकऱ्याची चार एकर जमीन आहे. पीककर्ज त्याला विकास सोसायटी देते आणि सोसायटीला पैसा जिल्हा बँक पुरवते. ऊस सहकारी कारखान्याकडे जातो, तोड केव्हा मिळेल हे कारखाना ठरवतो. कांदा बाजार समितीच्या आवारात विकला जातो. पाण्याचे आवर्तन पाटबंधारे खात्याच्या हाती, गावचा रस्ता जिल्हा परिषदेच्या हाती, आणि मुलगा ज्या शाळेत शिकतो ती एखाद्या शिक्षणसंस्थेची. आता या सर्व संस्थांच्या खुर्च्यांवर एकाच पक्षाची माणसे बसली आहेत, असे समजा.

या शेतकऱ्याला कोणी धमकावले नाही. मतदान गुप्त आहे. उमेदवार अनेक आहेत. तरीही विरोधी पक्षाचा झेंडा उघडपणे खांद्यावर घेण्यापूर्वी तो दहा वेळा विचार करील. उसाची तोड लांबली तर? कर्जाचे नवे-जुने झाले नाही तर? पक्षाच्या प्रभुत्वाचे हे सौम्य रूप होय. त्यात सक्ती नसते, परंतु अवलंबित्व असते.

येथेच एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवावा. या शेतकऱ्याचे अवलंबित्व एका पक्षावर असले, तरी त्या पक्षात परस्परांशी झुंजणारे किमान दोन गट होते. कारखान्यावर एका गटाची सत्ता, तर बँकेवर दुसऱ्याची. एका दाराशी काम झाले नाही, तर दुसरे दार ठोठावता येई. शिवाय मतपेटीजवळ तो एकटाच असे.

आणि सर्वच दारे बंद झाली, तर रस्ता होता. १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने कांदा व उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात आंदोलन छेडले. उसाला टनाला ३०० रुपये भाव मिळावा, ही त्यातील प्रमुख मागणी होती. नोव्हेंबर १९८० मध्ये निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे रेल रोको आंदोलनाच्या वेळी झालेल्या गोळीबारात दोन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. या घटनेतून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. लोकशाही मार्गाने निवडून आलेले प्रबळ सरकारही आपल्याच मतदारांवर शस्त्र चालवू शकते. त्याचबरोबर, सहकाराचे जाळे ज्या पट्ट्यात घट्ट होते, त्याच पट्ट्यातून पक्षबाह्य संघटना उभी राहू शकली आणि गोळीबारानंतरही टिकून राहिली.

४.३.५ आफ्रिकेतील तीन चित्रे

*विषुववृत्तीय गिनी :* हा छोटा देश १९६८ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष फ्रान्सिस्को मासियास न्गेमा यांनी १९७० मध्ये सर्व पक्ष मोडीत काढून एकच पक्ष ठेवला. ३ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे पुतणे तिओदोरो ओबियांग यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली आणि काकांना मृत्युदंड देण्यात आला. ओबियांग यांनी १९८७ मध्ये विषुववृत्तीय गिनीचा लोकशाही पक्ष स्थापन केला. पुढे १९९० च्या दशकात कागदोपत्री अनेक पक्षांना मान्यता मिळाली. त्याच दशकात खनिज तेलाचा पैसाही वाहू लागला. २०१७ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहातील १०० पैकी ९९ जागा सत्ताधारी आघाडीला मिळाल्या. उरलेली एक जागा ज्या विरोधी पक्षाने जिंकली, तो पक्ष २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित करण्यात आला. २०२२ मध्ये १०० पैकी १०० जागा सत्ताधाऱ्यांकडे गेल्या. येथे पक्षाने राज्य मिळवले नाही; राज्य हाती घेतलेल्या व्यक्तीने नंतर पक्ष निर्माण केला. म्हणूनच शासन, पक्ष आणि कुटुंब यांतील सीमारेषा तेथे जवळजवळ उरलेली नाही.

*टांझानिया :* ज्युलियस न्येरेरे यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये हा देश कायद्याने एकपक्षीय झाला. तथापि, एका मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन उमेदवार उभे करून मतदारांना निवड करू दिली जाई आणि त्या निवडणुकीत काही मंत्रीही पराभूत झाले. १९७७ मध्ये मुख्य भूमीवरील आणि झांझिबारमधील पक्षांच्या विलीनीकरणातून ‘चामा चा मापिंदुझी’ म्हणजे क्रांतीचा पक्ष जन्मास आला. १९९२ मध्ये बहुपक्षपद्धती स्वीकारली गेली, परंतु सत्ता त्याच पक्षाकडे राहिली. एकपक्षीय राज्यातही मर्यादित स्पर्धा असू शकते, हे या उदाहरणातून दिसते.

*बोत्सवाना :* येथे १९६६ मधील स्वातंत्र्यापासून एकाच पक्षाने सलग सत्ता भोगली. मात्र निवडणुका खुल्या होत्या. २०२४ मध्ये ५८ वर्षांनंतर हा पक्ष पराभूत झाला आणि अध्यक्षांनी पराभव मान्य करून सत्ता सोडली. पराभवाच्या आदल्या दिवसापर्यंत बोत्सवानाचा पक्ष ‘हरू शकतो’ या वर्गात होता की ‘हरू शकत नाही’ या वर्गात, याविषयी वाद घालता आला असता. निकालाने तो वाद मिटवला.

४.३.६ पाच कसोट्या

वरील उदाहरणांवरून एखाद्या प्रबळ पक्षाचे स्वरूप तपासण्यासाठी पाच प्रश्न तयार करता येतात. (१) नवा पक्ष काढण्याची व निवडणूक लढवण्याची मुभा प्रत्यक्षात आहे काय? (२) निवडणूक घेणारी यंत्रणा, न्यायालये व वृत्तपत्रे पक्षाबाहेर आहेत काय? (३) शासनाचा पैसा व अधिकार हे पक्षाच्या पैशापासून व अधिकारापासून वेगळे ओळखता येतात काय? (४) पराभूत उमेदवाराचे पुढे काय होते – तो घरी जातो, पुन्हा लढतो, की तुरुंगात जातो? (५) सत्ताधारी पक्ष कधी, कोठे तरी हरला आहे काय?

महाराष्ट्रातील काँग्रेस पहिल्या, चौथ्या व पाचव्या कसोटीला साधारणपणे उतरते. दुसऱ्या कसोटीला ती बहुतेक काळ उतरली. तिसऱ्या कसोटीवर मात्र तिचे गुण कमी भरतात. सहकारी संस्थांना दिलेला शासनाचा पैसा आणि त्या संस्थांतून तयार झालेले पक्षाचे बळ यांची सरमिसळ हा महाराष्ट्राच्या राजकारणातील कायमचा वादविषय राहिला आहे.

४.३.७ आणीबाणी : सीमा ओलांडली गेली तेव्हा

प्रभावी पक्ष आणि वर्चस्ववादी पक्ष यांमधील सीमा अभेद्य नसते. २५ जून १९७५ रोजी जाहीर झालेल्या आणीबाणीने हे सिद्ध केले. विरोधी नेते व कार्यकर्ते मिसा कायद्याखाली स्थानबद्ध झाले. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातही असे राजबंदी होते. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले. घटनादुरुस्ती करून लोकसभेची मुदत पाचऐवजी सहा वर्षे करण्यात आली. त्याच वर्षी कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि पुढे त्यांना अटक झाली. वरील पाच कसोट्या लावल्या, तर या सुमारे एकवीस महिन्यांच्या काळात भारत दुसऱ्या व चौथ्या कसोटीला उतरत नव्हता.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि केंद्रात काँग्रेस पराभूत झाली. महाराष्ट्रातील ४८ पैकी २० जागाच तिला मिळाल्या. नाशिकमधून शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे विजयी झाले. सत्ता सोडण्यात आली. ‘हरू शकतो’ हे विधान खरे ठरण्यासाठी देशाला फार मोठी किंमत मोजावी लागली होती, हे मात्र विसरता येत नाही.

यानंतर महाराष्ट्रातील प्रभुत्वही ढासळू लागले. १९७८ मध्ये विभागलेल्या दोन्ही काँग्रेस मिळूनही स्पष्ट बहुमत मिळवू शकल्या नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते केंद्राने बरखास्त केले. १९९० मध्ये काँग्रेसचे बहुमत थोडक्यात हुकले आणि १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीने अपक्षांच्या साहाय्याने सत्ता मिळवली.

४.३.८ ‘बिनविरोध’ या शब्दाचा अर्थ

आता प्रास्ताविकातील प्रश्नाकडे वळू. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यांना लोकसभेत जाण्यासाठी नाशिकची पोटनिवडणूक समोर आली. राष्ट्र संकटात असताना महाराष्ट्राच्या नेत्याविरुद्ध उमेदवार उभा करू नये, अशी भावना त्या काळी प्रबळ होती. कोणाच्या अर्जावर बंदी नव्हती. याच मतदारसंघाने १९५७ मध्ये काँग्रेसविरोधी उमेदवार निवडला होता आणि १९७७ मध्ये पुन्हा निवडला. म्हणून १९६३ ची बिनविरोध निवड ही सहमतीची मानावी लागते. एका घटनेचा अर्थ तिच्या मागील-पुढील घटनांतून कसा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

परंतु प्रत्येक बिनविरोध निवड सहमतीचीच असते, असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथील ग्रामपंचायतीची निवडणूक, पदांचा लिलाव झाल्याच्या प्रकरणावरून रद्द केली. लिलावाने ठरलेली निवड ही वरून शांत दिसते. परंतु तिच्यात ज्याच्याकडे पैसा नाही, त्याचा उमेदवारीचा हक्क बोलीपूर्वीच संपलेला असतो. येथे हुकूमशहा नाही, बंदूक नाही. तरी स्पर्धा मात्र नाहीशी झाली आहे. गावात एकोपा राहावा ही इच्छा रास्त आहे. पण तो एकोपा अर्ज भरण्याची मुभा असूनही न भरल्याने झाला, की अर्ज भरण्याची सोयच न ठेवल्याने झाला, हे नागरिकाने विचारले पाहिजे.

४.४ सारांश

एकाच पक्षाचा दीर्घकालीन विजय हा आपोआप हुकूमशाहीचा पुरावा ठरत नाही, तसाच तो लोकप्रियतेचा निर्विवाद पुरावाही ठरत नाही. महाराष्ट्रातील काँग्रेस हा प्रभावी पक्ष होता. सहकार, पंचायत राज्य, विरोधकांना सामावून घेण्याची नीती आणि निवडणूकपद्धती हे त्याच्या प्रभुत्वाचे आधार होते. विषुववृत्तीय गिनीतील पक्ष वर्चस्ववादी असून तेथे पराभवाची शक्यताच काढून टाकलेली आहे. आणीबाणीने दाखवून दिले की, पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे घसरण होऊ शकते. १९७७ ने दाखवून दिले की, मतदार ती रोखू शकतात. कोणत्याही काळातील, कोणत्याही प्रबळ पक्षास या पाच कसोट्या लावता येतात आणि लावल्या पाहिजेत.

४.५ पारिभाषिक शब्द

*प्रभावी पक्ष :* खुल्या स्पर्धेत सलग बहुमत मिळवणारा पक्ष.
*वर्चस्ववादी पक्ष :* अन्य पक्षांना नाममात्र अस्तित्व देऊन सत्तांतराची शक्यता संपवणारा पक्ष.
*दबावाचे पक्ष :* सत्तेबाहेर राहून सत्ताधारी पक्षातील गटांवर प्रभाव टाकणारे पक्ष.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘काँग्रेस व्यवस्था’ ही संकल्पना कोणी मांडली?
२. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा केव्हा अस्तित्वात आल्या?
३. बोत्सवानातील सत्ताधारी पक्ष किती वर्षांनंतर पराभूत झाला?

(आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. १९६७ च्या महाराष्ट्र विधानसभा निकालातील मते व जागा यांतील तफावत स्पष्ट करा.
२. सक्ती आणि अवलंबित्व यांतील फरक सोदाहरण लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील विकास सोसायटी, दूध संस्था किंवा ग्रामपंचायत यांच्या मागील तीन निवडणुकांची माहिती मिळवा. त्यांपैकी कोणती बिनविरोध झाली? उमेदवारी अर्ज किती आले, किती मागे घेतले गेले? गावातील भिन्न वयाच्या व भिन्न वस्त्यांतील किमान पाच व्यक्तींशी बोलून त्यामागील कारणे नोंदवा आणि वरील पाच कसोट्यांच्या आधारे दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.

४.८ स्वयं-अध्ययन प्रश्न (अ) ची उत्तरे

१. ‘काँग्रेस व्यवस्था’ ही संकल्पना रजनी कोठारी यांनी मांडली.
२. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या.
३. बोत्सवानातील सत्ताधारी पक्ष ५८ वर्षांनंतर पराभूत झाला.